भुंगा शाळा निवडते

आम्ही तिला भुंगा म्हणतो. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की लाकूड पोखरावं तशी तिच्या मागे लागते, म्हणून हे नाव. दाखल्यावर दुसरं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःही वळून बघत नाही.

मी चाळीस वर्षं फरश्या बसवल्या. आता गुडघे खाली बसतात, पण वर उठत नाहीत, म्हणून घरी. मेहुणे गेले तेव्हा भुंगा चार वर्षांची होती. बहीण हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, अजूनही करते. सुट्टीच्या दिवशी पोरीला ठेवायचं कुठे, म्हणून भुंगा माझ्याबरोबर कामावर यायची. मी रिकामं बसू देत नसे. हातात एक नाणं दिलं आणि सांगितलं, "फरशी वाजवत जा. भरीव वाजली तर पुढे. पोकळ वाजली म्हणजे खाली माल नीट भरला नाही, तिथे खडूने फुली मार."

ती मधल्या फरश्यांकडे बघायचीच नाही. भिंतीच्या कडेकडेने जायची आणि कोपऱ्यात उकिडवी बसायची. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "मामा, मध्ये सगळे बघतात, तिथे तू चुकणार नाहीस. कोपऱ्यात पोचेपर्यंत तुला घरी जायची घाई झालेली असते."

नऊ वर्षांची होती. त्या दिवशी कोपऱ्यांत तीन फुल्या निघाल्या. मी तिन्ही फरश्या उखडून परत बसवल्या. शाबास वगैरे म्हणालो नाही. काम दिलं होतं, तिने केलं.

पुढे शेजाऱ्यांनी टाकून दिलेला कॉम्प्युटर घरात आला आणि भुंगा गेम खेळू लागली. खेळू लागली म्हणजे काय, तर बाकीची पोरं गेममध्ये शत्रूला मारतात, ही भिंतीला खांदा लावून चालते. एकदा मी बघत असताना तिचा माणूस एका कोपऱ्यात गेला आणि जमिनीतून आरपार खाली पडला. खाली नुसतं निळं.

"मेला का गं?"

"नाही मामा. इथे फरशी पोकळ आहे."

मग तिने वही काढली. कुठली खोली, कुठला कोपरा, किती पावलं, परत केलं तर परत पडतो का. अशा चार वह्या भरल्या. शाळेचा अभ्यास एवढ्या टापटिपीने केला असता तर बहिणीचा अर्धा त्रास वाचला असता.

शाळेची शेवटची परीक्षा झाली. बहिणीने हॉस्पिटलच्या लॅबच्या कोर्समध्ये जागा मिळवून ठेवली होती. शनिवारपर्यंत फॉर्म भरला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. भुंग्याला गेम बनवायच्या शाळेत जायचं होतं.

"गेम खेळायला शाळा?" बहीण म्हणाली. "मग झोपा काढायलाही असेल एखादी."

"खेळायला नाही आई, बनवायला. तू काय दिवसभर त्या चादरी पांघरून झोपतेस का? इस्त्रीच करतेस ना?"

बहिणीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. माझ्याकडे वळली. "दादा, तू जा हिच्याबरोबर. तुला काम कळतं. तू हो म्हणालास तर हो. नाहीतर शनिवारी लॅबचा फॉर्म, आणि मग घरात रडगाणं ऐकू येता कामा नये."

"चालेल," भुंगा म्हणाली. म्हणाली लगेच, पण हातातल्या रुमालाची घडी तिने चार वेळा मोडून घातली.

अशा दोनच शाळा होत्या. बुधवारी पहिलीत गेलो. काचेची इमारत, भिंतभर पडदे. मी आधी खाली बघितलं. मोठ्या फरश्या, केसाएवढे सांधे, ओळ सरळ. काउंटरवरची बाई फॉर्म आणायला आत गेली तेवढ्यात मी कुंडीमागच्या कोपऱ्यात कसाबसा बसलो आणि नाणं वाजवलं. भरीव. दुसरी, तिसरी, तीही भरीव. जिवाला गार वाटलं.

माहिती द्यायला आलेल्या टायवाल्याने मला तिथेच गाठलं. "काका, काही पडलं का?"

"नाही. पडत नाही ना, तेच बघतोय."

भुंगा लांब जाऊन एका पडद्याकडे बघत उभी राहिली. ओळखच नाही, अशी.

टायवाला गोड बोलायचा. नोकरी? शंभर टक्के. भुंगा म्हणाली, इथल्या मुलांनी बनवलेला गेम खेळायचाय. त्याने कौतुकाने एक लावून दिला. समुद्रकाठी दीपगृह. पाणी इतकं खरं की हात ओला होईलसं वाटलं. भुंग्याने समुद्राकडे ढुंकून पाहिलं नाही. भिंतीला खांदा लावला आणि निघाली. तिसऱ्या कोपऱ्यात माणूस आरपार खाली. दीपगृह वर राहिलं, आम्ही निळ्यात.

"इथे पडतो," भुंगा म्हणाली.

टायवाला हसला. "तिथे कोण जातंय? दार इकडे आहे." त्याने कंट्रोलर घेतला, गेम पहिल्यापासून लावला आणि आम्हाला दारातून आत नेलं.

"ज्याने हा बनवलाय त्याला भेटता येईल?"

"तो वर्गात आहे."

"मी थांबते."

"आज नाही जमणार."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हीच घे. फरशी पक्की आहे."

ती रस्त्यातच थांबली. "मामा, फरशी काय शाळेने बसवली?"

ती बसवली असणार माझ्यासारख्या कुणीतरी. त्याने अंग मोडून काम केलं होतं आणि मी मार्क शाळेला देऊन मोकळा झालो होतो.

गुरुवारी दुसरी शाळा. एका छापखान्याच्या वर दोन मजले. खाली यंत्र चालू झालं की वर पेल्यातलं पाणी थरथरायचं. नाणं काढायची गरजच पडली नाही, दारातल्या दोन फरश्या पायाखाली हलल्या. मी मनात फुली मारली.

शिकवणाऱ्या बाईंच्या स्वेटरला कोपरावर भोक होतं. त्यांनी भुंग्याला बसवलं आणि विचारलं, "काय बनवलंयस आत्तापर्यंत?"

भुंग्याने चार वह्या पुढे ठेवल्या. बाईंनी पानं सावकाश वाचली, एका ठिकाणी मागे जाऊन परत वाचलं. "हे शोधणं झालं. बनवलं काय?"

"काही नाही."

"मग पहिलं वर्ष जड जाईल तुला."

साखर पेरली नाही. मला बाई आवडल्या, पण हलणारी फरशी डोक्यातून जात नव्हती.

भुंग्याला एक गेम खेळायला दिला. घर बदलायचं, खोकी उचलून न्यायची, एवढाच. टेबल म्हणजे नुसता ठोकळा. दीपगृहापुढे अगदीच केविलवाणं. भुंगा भिंतीने निघाली आणि कपाटामागे गेली तशी आरपार पडली. मी मनात म्हटलं, घ्या, इथेही तेच.

शेजारच्या खुर्चीतून एक आखूड केसांची मुलगी उठली, तिचाच गेम तो. "कुठे? परत दाखव!"

भुंग्याने दाखवलं.

"परत. सावकाश."

तीन वेळा पाडून घेतलं. तोवर आणखी चौघं खुर्च्या सरकवत जमली. "मी म्हटलं होतं ना तुला, कपाट बघ म्हणून!" "तू म्हणाला होतास खिडकी!" भिंतीवर पांढरा फळा होता, वरपासून खालपर्यंत चुकांची यादी, निस्तरलेल्यांवर रेघ. त्या मुलीने तळाशी एक ओळ वाढवली आणि विचारलं, "सापडली कुणाला, ते पण लिहितो आम्ही. नाव?"

"भुंगा."

कुणी हसलं नाही. तसंच लिहिलं.

चाळीस वर्षांत माझ्याबरोबर कितीतरी गवंडी होते. फुली दिसली की खडू पायाने पुसणारे पुष्कळ. परत दाखव म्हणणारे दोन.

मी बाईंना विचारलं, "नोकरीचं काय?"

"मागच्या वर्षी अठरा जण बाहेर पडले. अकरा गेमच्या कामात आहेत. चौघं कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कामाला लागले. तिघांना अजून काही नाही." त्यांनी एका कागदावर तीन नंबर लिहून दिले. "हे त्या तिघांचे. त्यांनीच सांगितलंय, कुणी विचारलं तर द्या म्हणून."

घरी बहीण वाटच बघत होती. मी सगळं सांगितलं, हलणाऱ्या फरशीसकट.

"म्हणजे हो की नाही?"

"माणसं कामाची आहेत. माझं हो. नोकरीचं मात्र मला सांगता येणार नाही."

बहिणीने कागद घेतला, पहिला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. "मी एका मुलीची आई बोलतेय. तुम्हाला नोकरी मिळाली नाही ना?"

मी छताकडे बघितलं.

"नाही काकू," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"मग शाळेवर राग असेल."

"होता. पण त्यांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, तू काम कुणाला दाखवत नाहीस. मी लाजायचो. नीट झालं की दाखवीन म्हणायचो. ते नीट कधी झालंच नाही. आता दाखवायला लागलोय."

"तुझी बहीण असती तर पाठवली असतीस तिथे?"

भुंग्याने श्वास धरून ठेवला होता.

"पाठवली असती. फक्त सांगितलं असतं, पहिल्या आठवड्यात काहीतरी वाईट बनव आणि सगळ्यांसमोर ठेव."

बहिणीने फोन ठेवला. "ऐकलंस? लाजायचं नाही."

"मी कधी लाजले?"

"दुसऱ्याची चूक दाखवताना नाही लाजत तू. स्वतःची दाखवताना बघू."

शनिवारी लॅबचा फॉर्म कोराच राहिला. त्याच्या पाठीवर बहिणीने सामानाची यादी केली.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला, त्या रविवारी भुंगा माझ्याजवळ आली आणि माझ्या हातात कंट्रोलर दिला. तिने एक खोली बनवली होती. चार भिंती, एक दार, एक खिडकी, बस्स. माझी बोटं थापी धरून जाड झालेली, एक बटण दाबायला गेलो की तीन दाबली जात. तरी भिंतीला खांदा लावला. दुसऱ्या कोपऱ्यात खाली गेलो.

भुंग्याचे कान लाल झाले.

"लाजू नकोस गं!" बहीण स्वयंपाकघरातून ओरडली.

भुंग्याने वही काढली. "कुठे, मामा? परत दाखव."

परत काही पडायला जमेना. अर्धा तास गेला, तिने एकदाही कंट्रोलर माझ्या हातून घेतला नाही. शेवटी पडलो एकदाचा. तिने पावलं मोजली, ओळ लिहिली, शेवटी कुणाला सापडली तिथे 'मामा' लिहिलं.

"शाबास, मामा!"

मी म्हटलं, "बोलणं पुरे. आधी ती फरशी बसव."