दाढेतली चांदी

आमच्या खर्डीच्या वायरमनला वायर दातानं सोलायची खोड. खिशात पक्कड असली तरी दातच पुढे. आमच्याच विहिरीवरच्या मोटारीची वायर सोलताना त्याच्या दाढेतली चांदी निखळून हातात आली. त्यानं ती पुसून काड्यापेटीत ठेवली.

"आजच दाखवा," मी म्हटलं.

"भाताची लावणी होऊ दे. हीच परत बसवून घेतो शापूरला."

मग तो खड्ड्यात लवंग दाबून एका बाजूनं भाकरी चावत राहिला. भात कापणीला आल्यावर गेला, तेव्हा डॉक्टरनं दाढच काढली.

परवा भेटला, गाल बसलेला. काड्यापेटी उघडून त्यानं आत जपून ठेवलेल्या त्या दाढेत ती चांदी हळूच बसवून दाखवली.

"बघा, अजून बसते. डॉक्टरनी बघितलीच नाय."