पायांवर बसवणारी काकी

आमच्या वाडीतली निम्मी पोरं माझ्या बायकोच्या पायांवर बसून हगायला शिकली. असं लिहू नये म्हणतील, पण दुसरं कसं लिहू? मी तिसरी शिकलेला माणूस. वाडी तिला काकी म्हणायची, म्हणून मीही काकीच लिहितो.

परसात माडाखाली ती पाय पुढे टाकून बसायची. दोन पावलांत थोडी जागा ठेवून पोराला त्यांवर बसवायची आणि तोंडाने बारीक ‘शूऽऽ’ सुरू. चुलीवर भात असला तरी घाई नाही. शेजारची यमुना पोरावर खेकसली की म्हणायची, "गो यमुने, त्याचं पोट काय तुझ्या हुकमानं चालतंय?" कुणी घोंगडी भिजवली तर, "भरती आली वाटतं," म्हणून घोंगडी वाळत टाकायची.

मी गलबतावर खलाशी. नारळी पौर्णिमेनंतर जायचो तो पावसाच्या तोंडावर पावसला, आमच्या गावी, परत. एका वर्षी आलो तेव्हा आमची लेक बायो अडीच वर्षांची होती. मला ओळखत नव्हती. दुसऱ्याच सकाळी तिने सारवलेल्या ओटीवर घाण केली. गलबताचा म्होरक्या, तांडेल, आम्हाला जसा शिकवायचा, तसा मी शिकवायला गेलो. एक थप्पड दिली आणि म्हटलं, "परत केलंस तर बघ."

तिने परत केलंच नाही. ओटीवर नाही, परसात नाही, आईच्या पायांवरही नाही. चार दिवस झाले. पोट दगडासारखं. कळ आली की पाय आवळून रडायची, पण सोडायची नाही. काकीने बेंबीवर कोमट तेल चोळलं, मनुकांचं पाणी पाजलं. पोरगी जेवेनाशी झाली तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, गाडी जोडतो, रत्नागिरीला डॉक्टरकडे नेतो.

"न्या," काकी म्हणाली. "पण भीती तुमची बसलीय, ती डॉक्टर कसा काढणार? आधी तुमी घ्या तिला पायांवर."

"मी? लोक हसतील."

"हसू देत. मारलात तेव्हा लोकांना विचारलं होतंत?"

मी परसात जाऊन बसलो. परसाच्या दगडी गडग्यापलीकडून यमुनेचा नवरा म्हणाला, "काय हो, काकीची नोकरी तुम्हाला लागली?"

"तुम्हालाही लावते, थांबा," काकीने उत्तर दिलं. 

बायो माझ्या पायांवर ताठ बसली. तिला काकीने मागून धरलं होतं. तिची नजर माझ्या उजव्या हातावर. काकी हळूच म्हणाली, "हात पाठीमागे घ्या." घेतले. ‘शू’ करायला गेलो तर शिटीच निघाली. बायो जराशी हसली. मग कळ आली, तिने माझा गुडघा घट्ट धरला, कळवळून रडली आणि झालं. माझी पावलं भरली. मी हललो नाही. काकीने आधी तिला धुतलं, मग माझ्या पायांवर तांब्या ओतला. म्हणाली, "उठा आता. पेज वाढते दोघांना."

काकी जाऊन तीन महिने झाले. बाराव्या-तेराव्याच्या दिवसांना बायो आली होती, तिला आता नातवंडं आहेत. बायकांत बसून सांगत होती, "आई नेहमी म्हणायची, वाडीत कुणाच्या बापाने केलं नाही, ते तुझ्या बापाने केलं. स्वतःच्या पायांवर बसवून शिकवलं तुला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं ना, बाबा?"

म्हणजे थपडेचं काकीने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

मी हो म्हटलं. बायका उठून गेल्यावर बायोला जवळ बसवून उरलेलं सांगितलं.