हंबीरनानांचं मानपत्र आणि काकींचा तांब्या

मिलिंद कांबळेला विशेषणांचं व्यसन होतं. कराडच्या स्टँडसमोर त्याचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, पण आसपासच्या गावांत त्याची ओळख एकच, मानपत्रवाला. कुणी सुभेदार होऊन रिटायर झाला, कुणी कारखान्याचा संचालक झाला, कुणाची पोरगी फौजदार झाली, की काचेच्या चौकटीतलं मानपत्र मिलिंदकडूनच जायचं आणि सत्काराला माइकवर वाचायचाही तोच. भीमजयंतीच्या भाषणांवर वाढलेला गडी, आवाज खणखणीत. कर्तव्यदक्ष, दानशूर, अजातशत्रू. हात जरा सैलच. एकदा शर्यत जिंकलेल्या बैलाचं मानपत्र लिहिताना त्यानं बैलाला 'मितभाषी' म्हटलं, आणि गावानं टाळ्या वाजवल्या!

अशा माणसावर हंबीरनानांचं मानपत्र येऊन आदळलं.

हंबीरनाना जगताप त्याच्याच गावचे. उभी हयात मुंबईत चित्रं काढली आणि म्हातारपणी बायको साळूबाईंना घेऊन गावी परतले. कसली चित्रं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. यंदा दिल्लीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, पेपरात फोटो आला. फोटो नानांचा होता, चित्रांचा नव्हता. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आप्पासो यांनी पेपर पाहिला आणि त्याच दुपारी सत्कार जाहीर करून टाकला. वेशीवर फ्लेक्स लागला. नानांच्या डोक्यामागं डोंगर, डोंगरावरनं धबधबा, खाली 'थोर निसर्गचित्रकार'. आमदारांना आमंत्रण गेलं. आणि मग कुणाला तरी मोबाईलवर चित्रं शोधायची बुद्धी झाली.

अख्खी कमिटी देवळामागच्या पिंपळाखाली एकाच मोबाईलवर डोकी घालून उभी राहिली. स्त्री-पुरुषांच्या शृंगाराची चित्रं! तीही इतकी हुबेहूब, की पाठीवरचा घाम पुसायला हात पुढं व्हावा. "शिव शिव शिव," आप्पासो म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "जरा मोठं कर की रं."

आता सत्कार रद्द करावा तर आमदारांपुढं नाक कापलं जाणार. आप्पासो तडक दुकानात आले. "मिलिंद, गड्या, आसं लिव की लय मोठा मानूस हाय ह्ये समद्यास्नी कळलं पायजे. पर कशापायी मोठा, त्ये कळाय नगं."

मिलिंदला हे म्हणजे हातचा मळ. 'निसर्गाची लोभस रूपं आपल्या जादुई कुंचल्यानं टिपणारे' असं सुरू करून त्यानं पानभर मजकूर ठोकला आणि ऐटीत नानांना वाचून दाखवला. नानांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ह्यात मी कुटं हाय?"

"आवं नाना, समदं तुमचंच की."

"जल्मात कवा डोंगूर काढला न्हाई म्या. कुनी म्हनलं, घान काढतोस. कुनी म्हनलं, वा वा, काय कला. दोनी ऐकून कान किटलं. काय काढलं, निस्तं तेवडं सांग. माज्या गावात, माज्यासमोर, येकदा. न्हाईतर मी इस्टेजवर येत न्हाई."

मिलिंदनं मजकुराचा कागद घडी करून खिशात घातला. लोकांना फुगवून सांगण्यात त्याचं आयुष्य चाललं होतं, आणि हा माणूस फक्त खरं मागत होता.

पण खरं लिहिणं काय सोपं? त्यानं 'अलौकिक' खोडलं तर तिथं 'आक्षेपार्ह' येऊन बसलं. ते हाकललं तर 'धाडसी' आलं. वैतागून तो पुन्हा नानांकडं गेला, ट्रंकेतली चित्रं मागून घेतली आणि एकेक नीट बघू लागला. आधी कान तापले, मग सवय झाली, आणि मग त्याला तांब्या दिसला. खाटेखाली तांब्या. खिडकीत तांब्या. उशाशी तांब्या. आणि लग्नातल्या भांड्यावर नाव घालायची आपली रीत. नाना पडले हुबेहूबचे भोक्ते. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं: 'सौ. साळूबाई हंबीरराव जगताप यांस मामांकडून सप्रेम भेट'.

मिलिंदनं चित्रं पटापट ट्रंकेत घातली. पिंपळाखालच्या मोबाईलवर हे कुणाला दिसलं नव्हतं. पण त्यानं माइकवर खरं सांगितलं, की घरोघरी चित्रं उघडणार आणि चित्रातली बाई म्हणजे भजनात पहिल्या रांगेत बसणाऱ्या साळूबाईकाकीच, असं गावभर होणार. साळूबाई परड्यात शेंगा फोडत होत्या. तो चाचरत म्हणाला, "काकी, त्यो तांब्या..."

काकी अशा हसल्या, की सुपातल्या शेंगा परडंभर झाल्या.

"आरं, म्याच ठिवाय लावला! नवी नवरी मी, मुंबैला गेले, तर ह्ये दिसभर परक्या बाया काढत बसल्यालं. रडले न्हाई, भांडले न्हाई. म्हनलं, बाया कुनाच्याबी काढा, पर तांब्या माजा पायजे, आन् नाव वाचाय आलं पायजे. बघनाऱ्याला कळाय नगं व्हय, ह्यो गडी कुनाचा हाय त्ये?"

तरीही तांब्याचं लिहायची मिलिंदची छाती झाली नाही.

यात्रेच्या दिवशी नाना फेटा बांधून स्टेजवर बसले खरे, पण खुर्चीचे हात घट्ट धरून, कुठल्याही क्षणी उठतील असे. मिलिंदनं माइक ओढला.

"श्री. हंबीरराव जगताप यांनी मुंबईत राहून पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढली. ही चित्रं स्त्री-पुरुषांच्या शृंगाराची आहेत. त्यांतली माणसं खरी वाटतात. काहींना ती आवडली, काहींना आवडली नाहीत. लोक ती अजून पाहतात."

एवढंच. आप्पासो स्वतःच्या चपला न्याहाळू लागले. नानांनी खुर्चीचे हात सोडले आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "मिलिंद! तांब्याचं लिवलं न्हाईस व्हय रं?"

साळूबाई उठून स्टेजवर चढल्या. पिशवीतून नानांसाठी पाणी भरून आणलेला तोच तांब्या काढला आणि आमदारांच्या नाकासमोर धरला. "ह्यांच्या समद्या चित्रांत ह्यो हाय. नाव वाचून घ्या. बघा, मोबाईलात बघा, लाजायला काय झालं?"

मग अख्ख्या मंडपानं भर दुपारी, सगळ्यांदेखत मोबाईल काढले. बायकांनी पदर तोंडाला लावले आणि पदराआडून बघितलं. "गावला! खिडकीत!" कुणीतरी ओरडलं. "आमच्यात खाटंखाली!" आप्पासोंना तर तीन सापडले. नाना इतके हसले, की फेटा सुटला.

मिलिंदनं खिशातला फ्लेक्सचा मार्कर काढला आणि मानपत्राच्या काचेवरच खाली लिहिलं: 'प्रत्येक चित्रात साळूबाईंचा तांब्या आहे.'

नानांनी ते वाचलं, चौकट छातीशी धरली आणि म्हणाले, "आता पुरं झालं बग."