पोटॅशच्या खोलीचं गाऱ्हाणं

आयुष्यात मी एकदाच वडीलधाऱ्या माणसावर हात टाकला. चांगली सणसणीत थोबाडीत मारली, आणि तीही खंडेनवमीच्या दिवशी, सगळ्या कारखान्यासमोर. त्याची मला आजही लाज वाटते. पण तशीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा मारीन.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. अंधेरी-कुर्ला रस्त्यापासून थोडं आत, भातशेतांच्या कडेला एक लहानसा काडेपेट्यांचा कारखाना होता. मी दोनेक वर्षांपूर्वी बी.एस्सी. होऊन तिथे केमिस्ट म्हणून लागलो होतो. नाकावर माशी बसू देत नव्हतो. कामगार मला समोर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'फटाका'. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तिथले मुकादम मालवणकडचे. वय साठीच्या आसपास. तीस वर्षं मुंबईत एकटे राहिलेले. बायको गावी, वर्षाला गणपतीचे पंधरा दिवस काय तो सहवास. त्या दिवाळीनंतर ते नोकरी सोडून कायमचे गावी जाणार होते. बायकोसाठी त्यांनी भुलेश्वरातून पितळेची कळशी आणली होती. ती कारखान्याच्या आवारातल्या त्यांच्या खोलीत खाटेखाली असे. दर रविवारी ते ती बाहेर काढून चिंचेने घासत आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवत.

"अहो, वापरात नसलेलं भांडं काय घासता?" मी एकदा म्हणालो.

"सायबांनू, वापरात येवचा आसा ना," ते म्हणाले.

कारखान्याच्या मागच्या बाजूला पोटॅशची वेगळी खोली होती. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, काडीच्या गुलात घालतात ते. दिसायला मिठासारखं पांढरंशुभ्र. स्वतः जळत नाही, पण लाकडाचा भुसा, कापड, गंधक असलं काही त्यात मिसळलं की ते ठिणगीचीच वाट बघत बसतं. आणि पेटलं की वाळू टाका, गोणपाट टाका, विझत नाही. आगीला लागणारी हवा त्याने स्वतःच्याच पोटात भरून ठेवलेली असते. त्याला पाणी लागतं, तेही भरपूर. दर शनिवारी मी हे सगळं कामगारांना ऐकवत असे. ते उभ्या उभ्या डुलक्या घेत. मुकादम तेवढे ऐकत.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. पूजेनंतर मुकादम गाऱ्हाणं घालत. हात जोडून, खड्या आवाजात देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक ओळीला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मी लांब उभा राहून हसत असे. देवाशी इतकं ओरडून कशाला बोलायचं, असं मला वाटे.

त्या वर्षी आदल्या दिवशी मुकादम माझ्याकडे आले. "सगळ्या यंत्रांका फूल वाहतो आमी. आणि जेच्यामुळे काडी पेटता, त्या पोटॅशीकच नाय?"

"बिलकूल नाही. त्या खोलीत दिवा नाही, उदबत्ती नाही, काही नाही."

"दिवो उंबऱ्याभायर. भितुर निस्ता फूल."

मी विरघळलो. म्हातारा जायचाच होता, शेवटची नवमी. दिवा उंबऱ्याबाहेर, या अटीवर मी हो म्हटलं. ती माझी चूक. पुढे जे झालं त्याला किती जण जबाबदार होते हे मला माहीत आहे, पण पहिला मीच.

सकाळी पिंपाला हार बांधताना एक पिंप कलंडलं. झाकण उडालं आणि पाच-सहा किलो पोटॅश जमिनीवर सांडलं. तिथला झाडूवाला चांगला प्रामाणिक माणूस. पूजा तोंडावर आलेली, साहेब फटाका. त्याने काय करावं? काड्यांच्या खात्यात सरस सांडला की त्यावर भुसा टाकून झाडून घेण्याची पद्धत होती. त्याने तेच केलं. भुसा आणला, टाकला, खोली लख्ख केली आणि सगळा ढीग उंबऱ्याशी आणून ठेवला. पूजा आटपली की उचलू म्हणाला.

दिवा बाहेरच होता. अट पाळलेली होती. आरतीच्या वेळी तबकातली कापराची एक पेटती वडी घरंगळली आणि उंबऱ्यापलीकडे पडली.

आवाज आधी आला, फोडणीत पाणी पडावं तसा, पण थांबेचना. मग पांढरी, कडेला जांभळट अशी ज्वाळा माणसाच्या उंचीची उठली. कोणीतरी वाळूची बादली रिकामी केली. वाळूखालून ती तशीच फुसफुसत राहिली. कोणीतरी गोणपाट टाकलं, ते क्षणात भडकलं. मी ओरडत होतो, "पाणी! फक्त पाणी!" पण भीतीने माझा आवाज चिरकला होता. चाळीस माणसं चाळीस दिशांना धावत होती आणि आत सात भरलेली पिंपं होती.

तेवढ्यात मागून गाऱ्हाण्याचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! वाळू नको रे म्हाराजा!"

सवयीने दहा-बारा गळ्यांतून निघालं, "व्हय म्हाराजा!"

"हौदार रांग लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पाणी घाल, पाणीच घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि रांग लागली. हौदापासून उंबऱ्यापर्यंत बादल्या हातोहात येऊ लागल्या. दर "व्हय म्हाराजा"ला एक बादली पुढे. मीही रांगेत होतो, आणि तो शब्द मीही ओरडत होतो. मुकादम मात्र दुसऱ्या दारानं आत गेले आणि आगीजवळची दोन पिंपं त्यांनी एकट्याने बाहेर लोटत नेली. त्यांतलं एक सकाळी कलंडलेलं, त्याचं झाकण सैल होतं. ते बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पीठ माखल्यासारखे पांढरे झाले होते.

आग विझली. बंब आला तेव्हा उंबऱ्याशी काळा चिखल तेवढा उरला होता. एकालाही भाजलं नव्हतं. सगळे हसत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मुकादम उन्हात दगडावर टेकले. त्यांनी कोपरीच्या खिशातून बिडी काढली आणि ओठात धरली. काडेपेटी उघडली.

मी धावलो आणि त्यांच्या थोबाडीत मारली.

बिडी एकीकडे, काडेपेटी एकीकडे. मुकादम माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, लहान मुलाला कारण न कळता मार बसावा तसे.

मी त्यांना दंडाला धरून हौदाकडे ओढत नेलं. कोपरी फाडून काढली, बादलीत बुडवली आणि त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायला लागलो. "अक्कल आहे का? तीस वर्षं काय झोपा काढल्या? अंगभर पोटॅश, सुती कोपरी, आणि बिडी ओढता?" शिव्या थांबत नव्हत्या आणि हातही थांबत नव्हते. त्यांचे कान धुतले, केस धुतले, पाठ चोळली. वडिलांना अंघोळ घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ते मी लहान असतानाच गेले. पाठीवरून हात फिरवताना मला रडू फुटलं. पाणी इतकं होतं की कोणाच्या लक्षात आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कोपरीचा, फाडताना बाजूला पडून धुवायचा राहिलेला तुकडा उन्हात वाळवला आणि मुकादमांसमोर अंगणात ठेवून लांब काठीने पेटती काडी लावली. तो जळला नाही, भप्पकन नाहीसाच झाला. त्यांनी स्वतःच्या छातीवरून हात फिरवला. मी म्हणालो, "काल मारलं, त्याबद्दल..." ते म्हणाले, "जावंदे ओ." दिवाळीनंतर कळशी घेऊन ते बोटीने गेले. धक्क्यावर पोचवायला जायचं मला धैर्य झालं नाही.

तीन वर्षांनी मालवणला जाणं झालं, तेव्हा त्यांचं घर विचारत गेलो. संध्याकाळ होत होती. मुकादम शेतातून येत होते, पण सरळ घरात आले नाहीत. रोजचंच असल्यासारखे विहिरीपाशी अंगातल्या कपड्यांसकट उकिडवे बसले. त्यांची बायको पितळेची कळशी घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या डोक्यावर पाणी ओतू लागली. मुकादम डोळे मिटून बसले होते. मी आल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

"ही कसली रीत?" मी तिला हळूच विचारलं. "इथे कुठे पोटॅश?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमीच ते मुंबयचे सायब?"

मी मान खाली घातली. तिला सगळं ठाऊक असणार हे मला कळून चुकलं.

"तुमी त्या दिवशी यांका मारलास," ती म्हणाली, "म्हणान हे माका गावले." आणि उरलेली अर्धी कळशी तिने माझ्या हातात दिली.