बेल एकदाच वाजवायची

"पाय उचल, पालखी येणार नाही!"

हे म्हणण्याआधी आमच्या बाई दोन टाळ्या वाजवत. टाळ्या इतक्या कोरड्या, की पटांगणातली कबुतरं उडायची आणि मुली जागच्या जागी थिजायच्या. अशी एखादी बाई तुमच्याही शाळेत असणारच. पदर खोचलेला, ओठ मिटलेले, आणि नजर कायम समोरच्याच्या पायांवर. माझा चेहरा त्यांनी पहिल्यांदा कधी पाहिला, याची मला आजही खात्री नाही.

जबलपूरच्या आमच्या मराठी मुलींच्या शाळेत त्या पीटी आणि लेझीम शिकवायच्या. मी शिवण शिकवायला लागले ती नागपूरहून नुकतीच लग्न होऊन आलेली. मी पाळण्यात असताना राज्यांची वाटणी झाली त्यात नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि सासर मिळालं इकडचं. म्हणून मी स्वतःला वनवासात धाडलेली राजकन्या समजायची. पहिल्या दिवशी उंच टाचांचे सँडल घालून गेले. त्या काळातली मी म्हणजे काय सांगू! कपाळावर बट, खांद्याला पर्स, पर्समध्ये काही नाही. बटेच्या मागेही तेच.

पटांगणात टाच रुतली. मी पुढे गेले, सँडल मागे राहिला. बाईंनी तो दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि सगळ्या शाळेला दाखवला.

"कोणाचा आहे हा?"

त्या दिवसापासून मी 'सँडल' झाले. पुढे मी मुख्याध्यापिका झाले, सासू झाले, आजी झाले. बाईंच्या लेखी सँडलच.

गणपती विसर्जनाला शाळेचं लेझीम पथक निघायचं. आम्ही मोठ्या चौकापर्यंत नाचायचो, पुढे गणपती ट्रकमध्ये बसून नर्मदेवर, ग्वारीघाटाला. शिक्षिकांनाही सुटका नव्हती. बाईंचा कायदा एकच: दोन पावलं पुढे, एक मागे. मला हा शुद्ध बावळटपणा वाटायचा, आणि मला जे वाटायचं ते मी तेव्हा लगेच बोलायची.

"बाई, मागे काहून जायचं? सरळ चाललो तर अर्ध्या वेळात पोचू."

"ज्याला घाई आहे त्यानं रिक्षा करावी. मिरवणूक अशीच जाते."

आणि रांगेत मला सगळ्यात शेवटी उभं केलं, कारण माझा ताल चुकायचा. मी म्हणायची, ताल बरोबर आहे, बाकीच्या चुकतात.

दोघी निवृत्त झालो, दोघींचे नवरे गेले, आणि दोघी चेरीतालच्या एकाच गल्लीत म्हाताऱ्या होत राहिलो. त्या माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, पण चालताना मला मागे टाकायच्या आणि वर वळून बघायच्या, मी बघितलं की नाही ते.

मग त्यांचा हात कापायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. घरी येऊन बाई म्हणाल्या, "चलो, बरं झालं. आता लेझीम आपोआप वाजते."

हात परवडला. पाय भारी पडले. खोलीत बऱ्या चालायच्या, पण दार समोर आलं की पाय जमिनीला चिकटायचे. वरचं सगळं अंग पुढे निघालेलं आणि तळवे जणू खिळ्यांनी ठोकलेले. ह्या आजारात असं होतं, दार, अरुंद जागा, वळण आलं की पाय अडतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बाईंना ते पटलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय उचलायला लावले, आता स्वतःचे ऐकत नाहीत, ही बेशिस्त त्यांना आजारापेक्षा जास्त लागली.

एका सकाळी दूधवाले भैया माझ्याकडे आले. म्हणाले, "माताजी अंदर से डाँट रही हैं, पर दरवाज़ा नहीं खोलतीं." मी गेले. दारापलीकडून बाईंचा आवाज.

"येऊन राहिली न! घोड्यावर बसून आले का सगळे?"

आवाज अगदी दाराशी. कडी हातभर लांब असेल. त्या तिथं बऱ्याच वेळापासून उभ्या होत्या, आणि अडलोय हे कोणाला कळू नये म्हणून रागावत होत्या. शेवटी मागच्या खिडकीचे गज कापायला माणूस आणावा लागला. आत गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "दूध फाटलं असेल आता. तुझ्यामुळे."

गज कापल्याची बातमी बंगळुरूला बाईंच्या मुलाकडे गेली. मुलगा वाईट नव्हता. तो फक्त फोनच्या पडद्यावर राहायचा, आणि पडद्यावरच्या माणसाला सगळं सोपं दिसतं.

"आई, दार उघडता येत नसेल तर एकटं नाही राहता येणार. तू इकडे ये."

"तुझ्या घराला दार नाही?"

"आहे न. पण उघडायला मी आहे."

"म्हणजे मी आत आणि कडी तुझ्या हातात. अच्छा."

मग ठरलं. दिवाळीला तो येईल, बाहेर उभा राहील, बेल वाजवेल. बाईंनी स्वतः येऊन दार उघडलं तर चेरीताल. नाहीतर बंगळुरू. बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सँडल, ते मशीनवालं दुकान कुठं आहे?"

दुकान म्हणजे डॉक्टरांनी सुचवलेलं फिजिओथेरपीचं सेंटर, ते विजय नगरात होतं. त्याचं नाव एवढं लांब होतं की पाटी वाचून होईपर्यंत रोगी बरा व्हावा. आत थंडगार हवा, भिंतीवर पांढऱ्या बुटांतले गोरे म्हातारे दात काढून पळताहेत, आणि खाली आमचे जबलपुरी म्हातारे स्वेटर घालून बसलेले, सोबत आलेल्या पोरांसारखेच हिरमुसलेले. मध्ये चालायचं यंत्र. खाली सरकता पट्टा, वर लोखंडी कमान, कमानीला लटकलेले पट्टे. माणसाला छातीपासून त्यात बांधायचं, म्हणजे तोल गेला तरी पडत नाही.

"मला गव्हाच्या पोत्यासारखं काहून टांगून राहिली?" बाईंनी विचारलं.

फिजिओथेरपीवाली मुलगी हसली. ती आपल्यातलीच, घर मूळचं वर्धेकडचं. पण मराठी कानात येऊन थांबलेली, जिभेवर उतरली नव्हती. "गिरने नहीं दूँगी, आंटीजी."

"आंटी कोण? बाई म्हण."

"बाईजी."

'जी' बाईंनी सोडून दिला. वाद घालायला वेळ नव्हता, दिवाळी जवळ होती.

मग त्या मुलीनं बाईंच्या घोट्यांना दोन छोटे पट्टे बांधले. पाऊल टाकायच्या क्षणी ते हलकेच थरथरतात, आणि कानात घातलेल्या इयरफोनच्या बोंडातून टिक टिक ऐकू येते. त्या ठेक्यावर पाय टाकायचा.

"घुंगरं बांधली," बाई मला म्हणाल्या. "आता तबलजी पण बोलाव."

पट्ट्यावर चालणं त्यांना जमलं. पण खोलीच्या टोकाला सरावासाठी एक लाकडी चौकट उभी होती. नुसती चौकट, दोन्ही बाजूंना भिंत नाही. बाई तिथवर गेल्या आणि अडल्या. टिक टिक चालू, घोटे थरथरताहेत, बाई उभ्या. माझ्यातली शिवणाची मास्तरीण जागी झाली.

"बाई, बाजूनं जाऊ की. भिंतच नाही."

"चोर आहे का मी?"

रोज तेच. टिकटिक कानात असायची, पायापर्यंत पोचायची नाही. बाई म्हणायच्या, "घड्याळाच्या पोटात बसल्यासारखं वाटते." मुलीनं मला विचारलं, यांना आवडेल असा एखादा ठेका सांगा, तो घालून बघू. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी शहाण्या माणसानं विचार केला असता की नाही? मी साठी ओलांडलेली बाई, मुख्याध्यापकी केलेली. मी टिफिनचा स्टीलचा डबा पालथा केला आणि लेझमीचा ठेका वाजवून दिला. मुलीनं तो फोनवर घेतला, यंत्राला जोडला, आणि पट्टा सुरू केला.

बाईंच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. दोन पावलं पुढे. आणि एक मागे.

पट्टा तर मागेच जात होता. बाई त्याच्याबरोबर गेल्या, पाय सुटले, आणि पुढच्या क्षणी त्या कमानीला लुगडं वाळत घातल्यासारख्या लोंबत होत्या. यंत्र किंचाळायला लागलं. भिंतीवरचे गोरे तेवढे पळत राहिले.

"पीछे नहीं, बाईजी, आगे! आगे!"

"मिरवणूक अशीच जाते!" बाई हवेतून ओरडल्या. मग मला बघून, "आणि ताल अजून चुकते तुझा!"

मी डबा पिशवीत कोंबला आणि दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखी बसले. पण ती मुलगी हसली नाही, घाबरलीही नाही. तिनं बाईंना खाली उतरवलं, पाणी दिलं, आणि थोड्या वेळानं त्या चौकटीसमोर उभं केलं. कानात माझाच डबा.

बाई अडल्या. ठेका चालू राहिला. मग एक पाय मागे गेला, अंग झुललं, आणि दुसरा पाय सुटून चौकटीच्या पलीकडे पडला.

बाई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी वळून चौकटीकडे पाहिलं, मला बघायच्या तसंच.

मुलीनं सांगितलं, "एक क़दम पीछे लेने से वज़न दूसरे पैर पर जाता है, तब अटका हुआ पैर छूटता है. हम लोगों को यह सिखाते हैं. बाईजी को पहले से आता था, बस पट्टे पर नहीं करना था."

मला मात्र स्वतःच स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं झालं. चाळीस वर्षं ज्या पावलाला मी बावळट म्हणत होते, तेच!

ती मुलगी खोटी आशा दाखवणारी नव्हती. आजार जाणार नाही, म्हणाली. चाल टिकवायची, रोज करायची, आणि गोळीचा असर उतरला की काहीच ऐकणार नाही, त्या वेळी हट्ट करायचा नाही. कानातलं बोंड आणि घोट्याचे पट्टे तिनं घरी दिले. मग चेरीतालच्या त्या दोन खोल्यांत रोज मिरवणूक निघायची. पलंगापासून दारापर्यंत. मी तिथं बसून शेंगा सोलायची आणि टोमणे खायची.

"दिवसभर कानात तुझं डबडं वाजून राहिलं. मागच्या जन्मी काय पाप केलं होतं?"

"मग काढा न ते."

"तू गप्प बस."

दिवाळीला मुलगा यायचा होता दुपारी. बाईंनी गोळी त्या हिशेबानं घेतली. नवी साडी, वेणी, घोट्याला पट्टे. आणि विमान उशिरा. दुपार गेली, ऊन भिंतीवरून उतरलं, गोळीही उतरायला लागली. बाईंचा चेहरा गोठल्यासारखा व्हायचा तेव्हा, तसा झाला. मी म्हटलं, त्याला सांगू उद्या सकाळी बघ म्हणून.

"रोज काय मुहूर्त बघून बेल वाजते का? येऊ दे."

ठरल्याप्रमाणे फिजिओवाली मुलगी आत थांबली, पडल्या तर धरायला. एरवी हात लावायचा नाही, बोलायचं नाही. मला बाईंनी बाहेर काढलं. "तू आत असलीस की ताल चुकते."

मुलगा रिक्षातून उतरला. पडद्याबाहेर तो अगदी साधा, पोट सुटलेला, घाबरलेला माणूस दिसत होता. त्यानं बेल दाबली.

आतून पलंग वाजला. मग पाऊल. पाऊल. आणि एक पाऊल लांब गेलं.

"मावशी, परत गेली ती," मुलगा कुजबुजला.

"थांब."

पाऊल, पाऊल, मागे. आवाज जवळ येत होता, म्हणजे येत असावा. मग तो दाराशी थांबला. काहीच नाही. गल्लीत कोणी लवंगी फोडत होतं, ते थांबलं तरी आतून काही नाही. मुलानं बेलकडे हात नेला. मी त्याचा हात धरला.

मग आतून बाईंचा आवाज आला. मोठा नव्हता. आमच्यासाठी नव्हताच.

"उचल. पालखी येणार नाही."

एक पाऊल मागे घासलं. कडी निघाली.

दारात बाई उभ्या होत्या, एका हातानं चौकट घट्ट धरून. वेणी खांद्यावर आलेली. मुलगा रडायच्या बेतात होता, पण बाईंनी त्याला तेवढी उसंत दिली नाही.

"चपला बाहेर," त्या म्हणाल्या.

त्या चेरीतालमध्येच राहिल्या. पुढेपुढे ठेका संथ झाला, मागची पावलं वाढली, दिवसा सोबतीला एक मदतनीस बाई आली. पण दार उघडायचं काम बाईंनी तिला दिलं नाही. साऱ्या गल्लीला सवय लागली. दूधवाले भैया, पोस्टमन, गॅसवाला, बेल एकदाच वाजवायचे आणि ओट्यावर टेकायचे. आतून पावलं यायची, जायची, यायची. एखाद्यानं चुकून दुसऱ्यांदा बेल दाबली की आतून ऐकू यायचं, "बहिरी नाही मी!" लोक तेवढ्यात गप्पा मारून घ्यायचे. मी तर एकदा त्या ओट्यावर अख्खी मेथी निवडली आहे.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मुलगा सामान आवरत होता हे ठाऊक होतं. बेल एकदा वाजवली आणि सवयीनं ओट्यावर टेकायला वळले. अजून पदरसुद्धा सावरला नव्हता, आणि दार उघडलं.

"या न मावशी."

मला त्याचा असा राग आला! इतक्या लवकर कोणी दार उघडतं का?