द्राक्षांना लावलेले अंक

आमच्या शेजारच्या चाचींनी मला वाचायला लावलं, हे आधी सांगतो. मी काय केलं ते त्यानंतर.

शाळा मी आठवीत सोडली. आमच्या तासगावकडची पुष्कळ माणसं गलाईला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या कामाला, लांब लांब जातात. मीही तसाच तमिळनाडूत आलो. निघायच्या सकाळी चाचींनी माझ्या पिशवीत चार जुने अंक कोंबले. दोन दिवाळी अंक, दोन बायकांची मासिकं. घरात त्यांची बोली हिंदी, पण वाचायच्या मराठीच. शिवणकाम करून वर्षानुवर्षं जमवलेले अंक होते, सालवार गठ्ठे करून सुतळीनं बांधलेले.

"चाची, मला अक्षरं लावत लावत वाचाय लागतंय," मी म्हणालो.

"मग लाव की! तिकडं तुझ्यासंगं मराठी कोण बोलणार हाय? वाचून परत आण, दुसरं देते."

दर खेपेला ही अदलाबदल व्हायची. भट्टी गार व्हायची वाट बघत मी आधी विनोद वाचले, मग गोष्टी. आज हे चार शब्द लिहितोय ते त्या पिशवीमुळं.

चाचा वारल्यावर चाची फलटणला लेकीकडं राहायला गेल्या. जाताना सगळे गठ्ठे आमच्या घरी आणून ठेवले. "तू वाचलंस, तूच सांभाळ." मी हो म्हणालो आणि इकडं निघून आलो. सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते काही उमगलं नाही. इथल्या खोलीत दोन माणसं कशीबशी झोपतात. वाचनालयाला द्यावेत तर चाचींना काय वाटेल, ही धास्ती. रद्दीत घालायचं तर मनातही आणवेना. तसेच पडून राहिले.

गेल्या हंगामात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, चाचींचे गठ्ठे हायत त्या खोलीत बागेच्या औषधाचे डबे ठेवायचेत. पुस्तकांचं काय करू?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं, मालक माझ्याकडंच बघत होते. मी पहिल्यापासून घाबरट. "तुला पटंल ते कर," म्हणालो आणि फोन ठेवला.

उन्हानं डाग पडू नयेत म्हणून आमच्याकडं द्राक्षांच्या घडांना कागद गुंडाळतात. एरवी जुनी वर्तमानपत्रं असतात. भावानं अंकांच्या पिना काढल्या, जोडपानं सुटी केली आणि घडांना लावली. मी गावी पोचलो तेव्हा काढणी निम्मी झाली होती. एका घडावर गोष्टीचा मधलाच भाग होता. शेवट वेलींच्या कुठल्या ओळीत होता, कुणास ठाऊक.

"लय ब्येस कागद, दादा! पेपरापरास जाड. एक घड भाजला न्हाई बघ."

त्याला पटंल ते कर, असं मीच तर सांगितलं होतं.

मी गावी आल्याचं कळल्यावर दोनच दिवसांत चाचींचा फोन आला. "माझ्या डोळ्याला आता दिसत न्हाई रं. पर नात वाचून दाखवती. एका अंकात माझं पत्र छापून आलतं. खाली नाव हाय माझं. कव्हर पिवळं. बाकीचं राहू दे, तेवढा आण."

इतक्या वर्षांत हे त्या मला कधी बोलल्या नव्हत्या.

कव्हरांचा कागद गुळगुळीत, घडावर टिकत नाही, म्हणून भावानं ती कोपऱ्यात टाकली होती. त्यात पिवळी तीन सापडली. आत एकही पान नाही. ती तीन कव्हरं घेऊन मी फलटणला गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

चाचींनी तिन्ही कव्हरांवरनं हात फिरवला. "द्राक्षं तरी चांगली निघाली का?"

"व्हय, चाची."

"मग बरं झालं."

नात शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "नानी, पत्रात काय लिवलं होतं?"

"आता कुठं आठवतंय," चाची म्हणाल्या आणि कव्हरं माझ्याकडं सरकवली.

त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिन्ही अंकांचे महिने आणि सालं मी कागदावर उतरवून घेतली आहेत. सुट्टीला गावी गेलो की सांगलीच्या रद्दीवाल्यांकडं, साताऱ्याच्या जुन्या वाचनालयांत विचारतो. पत्राचा अंक अजून कुठं मिळाला नाही. कुणाच्या तरी माळ्यावर असंलच. चाची, तुमच्या नावाचा तो अंक मी शोधून आणीन आणि तुमच्या हातात देईन. तेवढ्यासाठी तुमी थांबा.