काकूंबरोबर हिल्डेसहाइमला

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? तू सांग," असं म्हणून काकू पर्स मांडीवर घेऊन चर्चच्या बाकावर ऐसपैस बसायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आपल्याला काही येत नाही हे फार थाटात सांगणारी.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. नवरा जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मी पुण्यातली आर्किटेक्ट, इथे पोळ्या लाटत होते. जर्मन क्लासात जमायचं, पण दुकानात गेलं की दातखीळ बसायची. भाषेशिवाय काम कोण देणार? वर्षभरात मी ठरवून टाकलं, नवऱ्याला राहू दे, आपण परत जायचं.

काकू खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. नर्स म्हणून आल्या आणि जर्मन माणसाशी लग्न करून इथल्याच झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा बेत ऐकून त्या म्हणाल्या, खुशाल जा, पण आधी आजूबाजूचं बघून तरी घे.

मग दर शनिवारी आगगाडी आणि डब्यात थालीपीठ. कुठल्याही गावी गेलं की काकू आधी चर्चला बाहेरून प्रदक्षिणा घालायच्या, बर्फ असला तरी. एका गावात पाद्रीबाबांना वाटलं आमचं काही हरवलंय. तेही बिचारे खाली बघत आमच्या मागून फिरले. काकूंनी त्यांची फेरी पुरी होऊ दिली, मगच खुलासा केला. आत गेल्यावर मी कमानी, खांब समजावून सांगायचे, अर्थात मराठीत.

हिल्डेसहाइमला निघालो त्या दिवशी काकू माझ्या आधीच स्टेशनवर गेल्या होत्या, आणि बरोबर त्यांच्या तीन जर्मन मैत्रिणी उभ्या. एका तिकिटावर पाच जणी जातात, म्हणून बोलावलं म्हणे. चर्चमध्ये शिरल्यावर काकूंनी जाहीर केलं की आज ही आर्किटेक्टीण माहिती देईल. मी त्यांना बाजूला ओढलं.

"काकू, मला नाही जमणार."

"आल्झो, हे बघ, चुकलीस तर चुकलीस. त्यांना तरी मराठी कुठं येतंय?"

मी सुरुवात केली. एक चौकोनी खांब, मग दोन गोल, पुन्हा एक चौकोनी. शब्द सुचेना तेव्हा टाळ्या वाजवून दाखवलं, एक मोठी, दोन लहान. वरचं रंगवलेलं लाकडी छत दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायच्या आधीच उतरवून ठेवलं म्हणून वाचलं. ते कसं उतरवलं असेल, एकीने विचारलं. मी वहीत काढून दाखवलं. व्याकरणाची पार वाट लागली होती, पण बायका प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या आणि मी तासभर बोलत होते.

सोमवारी मी जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या एका ऑफिसला स्वतः फोन केला. लाकडी घरांची मापं घ्यायचं काम मिळालं. परत जायचा विषय संपला.

चारेक वर्षांनी काकू गेल्या. दफनानंतर कॉफीला त्या तिघी माझ्याच टेबलावर होत्या. त्या दिवशी तुम्ही किती धीर दिलात, असं मी म्हटलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग त्यांच्याकडून कळलं, काकूंचे यजमान जुन्या चर्चांचं लाकूडकाम करायचे, आणि ते छत काकूंनी या तिघींना इतक्यांदा दाखवलं होतं की त्यांना सगळं तोंडपाठ होतं.

"मग प्रश्न कशाला विचारत होतात?" मी विचारलं.

"तिनेच चिठ्ठीवर लिहून दिले होते," एक जण म्हणाली. "स्टेशनवर, तू यायच्या आधी. प्रत्येकीला तीन."